स्वसंरक्षणाचे शस्त्र : .३२ बोअरच का?
स्वसंरक्षणासाठी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगताना बोअरची निवड आपल्या देशात बव्हंशी कायदाच ठरवतो. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांनुसार ९ मिमी व .३८ हे बोअर प्रतिबंधित असून जिल्हादंडाधिकारी त्यांचा परवाना देऊ शकत नाहीत. त्यामुळे परवानाधारकांकडे बहुधा .३२ बोअर आढळतो. कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने २०१४ मध्ये आणलेले, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर याच बोअरचे आहे. त्याचा धक्का सौम्य असल्याने नेम साधणे सुकर होते. मात्र गोळीचा जोर ९ मिमीहून कमी असतो. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांची .३२ काडतुसे भिन्न असतात; नामसाधर्म्यामुळे त्यांची अदलाबदल करू नये.