ॲप-टॅक्सीचालकांचा सामूहिक सौद्याचा हक्क

उबर, लिफ्ट, ओला यांसारख्या ॲपवरून प्रवासी घेणाऱ्या टॅक्सीचालकांनी आपल्या संघटनेमार्फत कंपनीशी भाड्यातला वाटा, कामाच्या अटी, आयडी बंद करण्याचे नियम यांवर बोलणी करण्याचा आणि त्यातून दोन्ही बाजूंना बांधील असा करार करून घेण्याचा कायदेशीर हक्क. चालकांच्या संघटना, मोर्चे आणि ॲप-बंद आंदोलने जगभर होतच आली आहेत. ८ मे २०१९ रोजी, उबरचे शेअर बाजारात येण्याच्या दोन दिवस आधी, अनेक देशांतल्या चालकांनी एकाच दिवशी ॲप बंद ठेवले होते. पण आंदोलन संपल्यावर कंपनीने बोलणीला बसलेच पाहिजे, अशी सक्ती कुठेच नव्हती. ही सक्ती हाच या हक्काचा गाभा असून ती कायद्यात बसवण्याचे सर्वाधिक प्रयोग अमेरिकेत झाले आहेत.

अडचणीचे मूळ. अमेरिकेत कामगारांना सामूहिक सौद्याचा हक्क १९३५ च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने मिळाला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर वृत्तपत्रे विकणारे विक्रेते या कायद्याखाली नोकर ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये दिला. मालकवर्गाला तो रुचला नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ‘स्वतंत्र कंत्राटदार’ हा वर्ग स्पष्ट शब्दांत या हक्काबाहेर काढला. ॲप कंपन्या आपल्या चालकांना पहिल्यापासून याच वर्गात बसवत आल्या. हा कायदा राबवणाऱ्या श्रमसंबंध मंडळाच्या प्रमुख कायदा अधिकाऱ्याच्या कार्यालयानेही २०१९ मध्ये उबरचे चालक कंत्राटदारच आहेत, असे मत दिले.

कंत्राटदार म्हटले की दुसरा कायदा आडवा येतो. १८९० च्या शर्मन कायद्यानुसार स्वतंत्र व्यावसायिकांनी संगनमताने किंमत ठरवणे हा गुन्हा आहे. कामगार संघटनांना त्यातून १९१४ पासून सूट आहे; पण ती कामगारांना, व्यावसायिकांना नाही. म्हणजे चालक नोकर नाही म्हणून श्रमकायदा त्याला हक्क देत नाही, आणि तो धंदेवाईक आहे म्हणून स्पर्धा कायदा त्याला इतर चालकांशी दराबाबत एकी करू देत नाही. हा धंदेवाईक भाडे मात्र स्वतः ठरवत नाही; ते ॲप ठरवते आणि हजारो गाड्यांसाठी एकाच वेळी ठरवते. याच मुद्द्यावर भारतात उलट्या बाजूने तक्रार झाली होती : अल्गोरिदमने भाडे ठरवणे म्हणजे चालकांनी ॲपआडून केलेले संगनमत आहे, अशी. चालकांमध्ये आपसांत कसलाही करार झालेला नाही, असे म्हणत स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ती फेटाळली आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

सिॲटलचा प्रयोग. या कोंडीला पहिले आव्हान एका शहराने दिले. सिॲटलच्या नगरपरिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये ८-० मतांनी अध्यादेश मंजूर करून कंत्राटदार चालकांनाही सामूहिक सौद्याचा हक्क दिला. नगरसेवक माइक ओब्रायन यांनी तो मांडला होता. महापौर एड मरी यांनी त्यावर सही केली नाही, पण तो अडवलाही नाही. शहराने मान्य केलेल्या संघटनेला कंपनीने चालकांची यादी द्यायची, बहुसंख्य पात्र चालकांनी पाठिंबा दिला की ती संघटना सर्वांची प्रतिनिधी होणार आणि झालेला करार शहर तपासणार, अशी त्याची रचना होती. टीमस्टर्स या जुन्या वाहतूक कामगार संघटनेची स्थानिक शाखा पुढे आली आणि अमेरिकी वाणिज्य मंडळ कोर्टात गेले.

कोर्टात सिॲटलची भिस्त ‘राज्यकृती’च्या तत्त्वावर होती. एखाद्या धंद्यातली स्पर्धा रोखण्याचे धोरण खुद्द राज्याने स्पष्टपणे ठरवले असेल आणि त्याच्या अंमलावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख असेल, तर तिथे शर्मन कायदा लागत नाही. हे तत्त्व १९४३ पासूनचे. त्याची दुहेरी कसोटी १९८० मध्ये पक्की झाली. मे २०१८ मध्ये नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने सिॲटलला दोन्ही बाबींवर नापास केले. वॉशिंग्टन राज्याने शहरांना टॅक्सीधंद्याचे नियमन करण्याचा अधिकार दिला होता. चालक कंपनीला जो वाटा देतात त्यावर बोलणी घडवून आणण्याचा अधिकार दिला नव्हता, आणि राज्याची देखरेख तर नव्हतीच. गंमत अशी, की श्रमकायद्याच्या आधारे घेतलेला आक्षेप त्याच न्यायालयाने फेटाळला. हे काम राज्याने केले असते तर टिकले असते, एवढा अर्थ त्या निकालातून वकिलांनी काढला, आणि पुढचे सगळे कायदे त्याच वाटेने गेले. सिॲटलने स्वतः सौद्याचा नाद सोडून २०२१ पासून किमान मोबदला ठरवून दिला.

यादीचा प्रश्न. कायद्याच्या चर्चेत तत्त्वे पुढे असतात; संघटकांच्या दृष्टीने खरी मेख असते ती यादीची. गिरणी सुटल्यावर फाटकाशी उभे राहिले की कामगार भेटत. ॲप-टॅक्सीला फाटक नाही. चालकांना आपले सहकारी कोण, किती, कुठे राहतात हे ठाऊक नसते. ते फक्त कंपनीला ठाऊक असते. अनेक चालक एकत्र सापडतील अशी जागा म्हणजे विमानतळाचा वाहनतळ. तिथे ॲपमध्ये रांग लागते, नंबर पुढे सरकेपर्यंत चालक सीट मागे टाकून पडलेले असतात आणि संघटनेचे कार्यकर्ते काचेवर टकटक करत गाडीमागून गाडी फिरतात. पण तिथे भेटतात ते विमानतळाची भाडी घेणारे. रात्री बारानंतर उपनगरात फिरणारा किंवा दोन ॲप एकाच वेळी चालू ठेवून मिळेल ते बुकिंग उचलणारा चालक तिथे फिरकतही नाही. शिवाय चालक टिकत नाहीत. आज सही केलेला सहा महिन्यांनी या धंद्यात असेलच असे नाही. म्हणून कायद्यातले ‘किती टक्के सह्यांवर यादी मिळेल’ आणि ‘चालक म्हणून कोणाला मोजायचे’ ही दोन कलमे बाकी सगळ्या कलमांपेक्षा वजनदार ठरतात.

मॅसेच्युसेट्स. ५ नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात या राज्यातील मतदारांनी ‘प्रश्न ३’ सुमारे ५४ टक्के मतांनी मंजूर केला आणि असा हक्क देणारे हे अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. इथे संघटनेने ५ टक्के सक्रिय चालकांच्या सह्या आणल्या की कंपनीला यादी द्यावी लागते; २५ टक्के सह्या झाल्या की ती सर्वांची एकमेव प्रतिनिधी होऊ शकते. बोलणी फिसकटली तर मध्यस्थी, मग लवाद; आणि करार लागू होण्यापूर्वी राज्याच्या श्रमसचिवांची मान्यता. शेवटची अट थेट सिॲटलच्या निकालातून आलेली आहे. ‘सक्रिय’ची व्याख्या मात्र खटकते. सर्व चालकांच्या फेऱ्या चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यापेक्षा ज्याच्या फेऱ्या जास्त, तोच मोजला जातो. पूर्णवेळ चालकांचे मत अधूनमधून गाडी चालवणाऱ्यांच्या गर्दीत बुडू नये हा हेतू योग्यच. पण करार लागू होणार सर्वांना आणि मोजणीत स्थान निम्म्यांनाच, हा दोष उरतो. त्याच वर्षी जून महिन्यात राज्याच्या महाधिवक्त्यांनी उबर आणि लिफ्टशी १७.५ कोटी डॉलरची तडजोड करून प्रवासी घेण्यास निघाल्यापासून सोडेपर्यंतच्या वेळेला ताशी ३२.५० डॉलरची किमान मिळकत मिळवून दिली होती. त्यामुळे तिथल्या संघटनेला शून्यापासून सुरुवात करायची नव्हती.

कॅलिफोर्निया. इथली लढाई नोकर की कंत्राटदार या प्रश्नावर झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा डायनामेक्स निकाल आणि त्यावर आधारलेला ‘एबी ५’ कायदा (जानेवारी २०२० पासून लागू) यांनी चालकांना नोकर मानण्याचा मार्ग उघडला. कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून नोव्हेंबर २०२० मध्ये ‘प्रस्ताव २२’ मतदारांकडून मंजूर करून घेतला. चालक कंत्राटदार राहिले. त्यांना प्रत्यक्ष फेरीच्या वेळेपुरती किमान वेतनाच्या १२० टक्के मिळकतीची हमी मिळाली. रिकाम्या गाडीने वाट पाहण्यात जाणारा वेळ हिशोबात धरला गेला नाही, आणि या धंद्यात तो वेळ थोडाथोडका नसतो. विधिमंडळाला पुढे दुरुस्ती करायची तर सात-अष्टमांश बहुमत लागेल, असेही कलम प्रस्तावात होते. सामूहिक सौद्याचा कायदा म्हणजे अशीच दुरुस्ती, असे ठरवणारा भाग अपील न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला आणि जुलै २०२४ मध्ये बाकी प्रस्ताव राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. ही उघडी राहिलेली फट धरून सेवा कर्मचाऱ्यांच्या ‘एसईआययू’ संघटनेने ‘एबी १३४०’ हे विधेयक पुढे रेटले. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ३ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यावर सही केली. राज्यातल्या सुमारे आठ लाख चालकांना त्याने कंत्राटदार राहूनच सौद्याचा हक्क दिला. १० टक्के पाठिंब्यावर पहिला टप्पा, ३० टक्क्यांवर प्रातिनिधिक मान्यता आणि देखरेखीला सार्वजनिक सेवा श्रमसंबंध मंडळ, अशी रचना आहे.

कंपन्यांनी शेवटी विरोध का सोडला, याचे उत्तर त्याच दिवशी सही झालेल्या दुसऱ्या विधेयकात आहे. विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या वाहनाने अपघात केल्यास प्रवाशांसाठी कंपनीने जो दहा लाख डॉलरचा विमा ठेवायचा, तो ‘एसबी ३७१’ने माणशी ६० हजार आणि अपघातामागे ३ लाखांवर आणला. चालकांच्या हक्काचा पहिला सौदा चालकांनी केलाच नाही; तो त्यांच्या वतीने विधिमंडळात झाला आणि त्याची किंमत काही अंशी प्रवाशांच्या खिशातून गेली. नोकरीचा दर्जा सोडून मिळवलेला सौद्याचा हक्क हा विजय की माघार, यावर कामगार चळवळीत एकमत नाही.

न्यूयॉर्क शहराने निराळा रस्ता धरला. गुजरातेत जन्मलेल्या भैरवी देसाई यांच्या नेतृत्वाखालील ‘न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्स’ला (स्थापना १९९८) कायद्याने सौद्याचा हक्क नाही, तरी चालकांचा सर्वांत कणखर आवाज तीच आहे. टॅक्सी आयोगाने फेब्रुवारी २०१९ पासून ॲप-चालकांना खर्च वजा जाता ताशी १७.२२ डॉलर मिळतील असा दर बांधून दिला. चालकांनी जे मिळवले ते कंपनीशी बोलून नव्हे, शहराच्या आयोगावर दबाव आणून.

युरोप. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरचे चालक ‘वर्कर’ (नोकर आणि कंत्राटदार यांच्यामधला वर्ग) आहेत आणि ॲप चालू ठेवून भाड्याला तयार असण्याचा वेळही कामाचाच आहे, असा निर्णय दिला. मे महिन्यात उबरने ‘जीएमबी’ संघटनेला मान्यता दिली. किमान वेतन व सुट्टीचे पैसे, निवृत्तिवेतन, सुरक्षितता असे बोलणीचे विषय ठरले. खाद्यपदार्थ पोहोचवणारे मात्र त्यातून वगळले गेले. फ्रान्सने याहून सरकारी वळणाची वाट निवडली : २०२१ मध्ये खास प्राधिकरण, मे २०२२ मध्ये चालकांची निवडणूक. मतदान चार टक्क्यांच्या आसपास झाले. तरीही निवडून आलेल्या प्रतिनिधींनी जानेवारी २०२३ मध्ये कंपन्यांशी करार करून एका फेरीमागे किमान ७.६५ युरो मिळवले. यादी सरकारने हाताळली तरी आस्था सरकार निर्माण करू शकत नाही, हे त्या मतदानाने दाखवले. पण आस्था तोकडी असूनही दर मिळाला, हेही खरे. स्वयंरोजगारितांनी केलेले सामूहिक करार स्पर्धा कायद्याच्या कात्रीत येऊ नयेत म्हणून युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूत्रे काढली. अमेरिकेत ज्यासाठी राज्याराज्यांत लढावे लागते, ती गाठ तिथे अशी एका दस्तऐवजाने बरीच सैल झाली.

भारत व महाराष्ट्र. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग कामगार’, ‘मंच कामगार’ आणि ‘ॲग्रीगेटर’ या व्याख्या प्रथमच आल्या. कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीत भरायची, अशी तरतूद तीत असून नोव्हेंबर २०२५ मध्ये संहिता लागू झाली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतःचे कायदे केले. या सगळ्यांत नोंदणी आहे, मंडळ आहे, निधी आहे. कंपनीने भाड्याबद्दल बोलणीला बसण्याची सक्ती नाही. बोलणी करणाऱ्या संघटनेची तरतूद औद्योगिक संबंध संहितेत आहे, आणि ती कामगाराच्या रूढ व्याख्येला चिकटलेली आहे.

महाराष्ट्रात टॅक्सीवाल्यांचा सौदा जुनाच, पण तो सरकारशी. मुंबईच्या टॅक्सीचालकांची संघटना जॉर्ज फर्नांडिसांनी बांधली, आणि काळी-पिवळीची भाडेवाढ युनियनने मागायची व परिवहन प्राधिकरणाने मंजूर करायची हा रिवाज पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये किमान भाडे २८ वरून ३१ रुपये झाले ते याच मार्गाने. ॲप आले आणि भाडे सरकारच्या हातून कंपनीकडे गेले. जुलै २०२५ मध्ये चालक आझाद मैदानावर उतरले. सप्टेंबरात राज्याने ॲप-टॅक्सीसाठी किलोमीटरला २२.७२ रुपये हा हंगामी दर जाहीर केला. तो काळी-पिवळीच्या दरावर वातानुकूलनाचे १० टक्के चढवून येणाऱ्या आकड्याएवढाच होता. दर जाहीर झाला तरी ॲपवर दिसणारे भाडे त्यानुसार आहे का, हा प्रश्न उरतोच.

गोव्यात स्थानिक टॅक्सीमालकांनी उबर-ओलाला पाय रोवू दिला नाही आणि २०१८ मध्ये पर्यटन महामंडळाच्या पाठिंब्याने आलेल्या ‘गोवामाइल्स’लाही सातत्याने विरोध केला. तिथले चालक गाडीचे मालक असून गावगन्ना संघटित आहेत. सौद्याचा कायदा नसतानाही त्यांना जे जमते, ते मुंबईत कर्जाच्या हप्त्यावर गाडी चालवणाऱ्याला जमत नाही.

मालक एक नाही, कामाची जागा एक नाही, तरी दर सामूहिक : ही अवघड गोष्ट महाराष्ट्राने एकदा केलेली आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंदणी मंडळाकडे होते, व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि मंडळावर मालक, कामगार व सरकार तिघेही बसतात. हमाल कोणाचा नोकर, हा प्रश्न सोडवण्याआधीच त्याच्या मजुरीचा प्रश्न सुटला. तसेच १९७१ च्या राज्य कायद्याने ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला मान्यता मागण्याचा हक्क दिला होता; मॅसेच्युसेट्सचा २५ टक्क्यांचा नियम वाचताना इथल्या जुन्या युनियनवाल्यांना तो आठवल्यावाचून राहणार नाही. राजस्थानच्या कायद्यातले मंडळ माथाडी मंडळाच्याच जातकुळीचे आहे. मात्र माथाडी मंडळातून मजुरी हाती पडते. राजस्थानचे मंडळ कल्याणनिधीपाशी थांबते.