चंद्राच्या तेजाचा अंक

आमच्या गावच्या छायाचित्रकाराजवळ प्रकाशमापक यंत्र नव्हते. तो अंगणात येई, कपाळावर आडवा हात धरून क्षणभर आभाळ न्याहाळी, समोरच्या भिंतीवर पडलेल्या कौलांच्या सावलीची कड निरखी आणि भिंगाचे झाकण काढून मनाशी अंक मोजी. त्याचा अदमास सहसा चुकत नसल्यामुळे आम्हां मुलांना ती उपजत देणगी वाटे. पुढे एकदा त्याच्या डार्करूमच्या फळीवर मला एक पिवळी पडलेली वही दिसली. तीत प्रत्येक काचेचा तपशील होता: तारीख, प्रहर, आभाळाची स्थिती, छिद्राचा अंक, सेकंद, आणि शेवटच्या रकान्यात ‘ठीक’, ‘पातळ’ किंवा ‘दाट’ असा एका शब्दात निकाल. ज्याला आम्ही देणगी म्हणत होतो, ते कित्येक वर्षांचे दप्तर होते.

या कलेच्या आरंभकाळी तर ज्ञान आणि उपजत बुद्धी यांची फारकत संभवतच नव्हती. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या कोलोडियनच्या कृतीत काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि ओली असतानाच ते उमटवावेही लागे. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्या वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या गृहस्थांनी ती आत्मसात केली. मुंबईच्या उष्म्यात काचेवरचा लेप किती वेळ तग धरील, याचा निर्णय मात्र ज्याचा त्यालाच हाताच्या सवयीने करावा लागे. 1890 साली हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी काचेवर पडणारा प्रकाश आणि तीवर साचणारा काळिमा यांचा संबंध आलेखाने मांडला, तेव्हा या अदमासाला गणिताचा आधार मिळाला.

त्या गणिताचा परमोत्कर्ष मला अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या एका चित्रात दिसतो. 1941 सालच्या शरद ऋतूत, न्यू मेक्सिकोतील हर्नान्डेझ या खेड्यावरून मोटारीने जाताना त्याला पूर्वेच्या हिमशिखरांवर उगवलेला चंद्र आणि दफनभूमीतील क्रुसांवर रेंगाळणारे मावळतीचे ऊन एकाच वेळी दिसले. मोटार थांबवून त्याने आठ बाय दहा इंचांचा अवजड कॅमेरा उभा केला, पण ऐन वेळी प्रकाशमापक सापडेना. तेव्हा चंद्राचे तेज दर चौरस फुटास 250 कॅन्डल असते, हा अंक त्याला स्मरला. आपल्या पद्धतीतील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या अकरा पायऱ्यांपैकी सात क्रमांकाच्या पायरीवर त्याने चंद्राला बसविले, फिल्मची क्षमता आणि भिंगावरील पिवळ्या काचेचा गुणक हिशेबात धरला आणि छिद्र 32 वर आणून एक सेकंदाचा अंमल ठरविला. दुसरे चित्र घेण्यासाठी त्याने फिल्मची चौकट उलटविली, तोवर क्रुसांवरचे ऊन गेले होते. या काही क्षणांत त्याने गणित केले की अंतःप्रेरणेचे ऐकले, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. वर्षानुवर्षे घोटलेले गणित अशा घाईतही बोटांना सुचते.

1975 साली कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसनने शंभर गुणिले शंभर बिंदूंचे चित्र घेणारा डिजिटल कॅमेरा जुळविला. एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास त्याला 23 सेकंद लागत. आजच्या कॅमेऱ्यात प्रकाशाचा हिशेब यंत्र निमिषात करते आणि मागच्या पडद्यावर त्याचा आलेखही काढून दाखविते. हर्टर आणि ड्रिफील्ड यांच्या या वारसाला मी मनापासून मान देतो. पण मोठ्या शुभ्र भागाला तो कॅमेरा करडा समजतो. नववधूची पांढरी साडी मळकट उमटली, तर त्याला कितीशी सवलत द्यायची, हे ज्याने आपल्या काचांचे निकाल लिहून ठेवले असतील तोच ठरवू शकतो.

आपल्या गणितातील उणीवही ॲडम्सने झाकली नाही. हर्नान्डेझच्या निगेटिव्हचा खालचा भाग पातळ उतरला होता, म्हणून 1948 साली तेवढाच भाग रसायनाने दाट करून घेण्याचे धाडस त्याने केले. वस्तुतः ती एकुलती एक निगेटिव्ह होती आणि हात जरा चुकता तर सर्वच गेले असते. पुढे 1981 साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, याच विद्येवरच्या आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्याने येऊ घातलेल्या इलेक्ट्रॉनिक चित्राची उत्सुकतेने वाट पाहत असल्याचे लिहिले.