गोंडांचा बडा देव आणि भुमका



नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भंडारा रोड नावाचे स्थानक लागते. भंडारा शहर तेथून काही मैल दूर आहे. स्थानक आहे ते आमच्या वरठी गावात. पोलादाच्या कारखान्यामुळे वरठीचे नाव अलीकडे पुष्कळांच्या कानावर गेले आहे. परंतु याच मार्गाने पूर्वेस गोंदिया, सालेकसा मागे टाकून गेले म्हणजे दरेकसा येते, आणि तेथून जवळच्या डोंगरात कचारगडची प्रचंड गुहा आहे. माघी पौर्णिमेस या गुहेकडे दूरदूरच्या मुलखांतून गोंड बांधवांची रीघ लागते. हा प्रदेश १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच भंडारा जिल्ह्यात होता. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते परक्याचे नव्हे, शेजारघरचे आहे.

गोंडांचा धर्म कोणता, या प्रश्नाला विद्वानांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘ॲनिमिझम’. लॅटिन भाषेत ‘ॲनिमा’ म्हणजे प्राण. एडवर्ड टायलर या इंग्रज पंडिताने १८७१ साली असे प्रतिपादन केले की, स्वप्न आणि मृत्यू यांचा उलगडा करू पाहताना आदिमानवास आत्म्याची कल्पना सुचली आणि ती त्याने पशू, वृक्ष, पाषाण यांनाही लागू केली. आपल्याकडे यास ‘जडप्राणवाद’ असा प्रतिशब्द योजतात. मला हा शब्द रुचत नाही. जो डोंगराला जड मानतच नाही, त्याच्या श्रद्धेच्या नावातच आपण ‘जड’ घालून ठेवला आहे!

हा शब्द पुढे खानेसुमारीत शिरला. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी आपल्या अहवालात त्याची चर्चा केली; परंतु हिंदू धर्म कोठे सुरू होतो आणि हा कोठे संपतो, याची रेघ त्यांनाही ओढता आली नाही. तत्त्वज्ञानाने थोडेबहुत पालटलेला ॲनिमिझम म्हणजेच हिंदू धर्म, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. उलटपक्षी, आपले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली या जमातींस मागासलेले हिंदू म्हटले. स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून खानेसुमारीत त्यांचे निराळे सदर राहिले नाही. तथापि २०११ साली अनेक गोंडांनी ‘इतर धर्म’ या सदरात आपला धर्म गोंडी म्हणून नोंदविला. या साऱ्या वादात ज्याच्या धर्माविषयी वाद, त्याला कोणी फारसे विचारले नाही.

त्यास अपवाद म्हणून पाद्री स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घेतले पाहिजे. नागपुरातील महाविद्यालयामुळे ते नाव आपणांस परिचित आहे. धर्मप्रसारार्थ आलेल्या या गृहस्थाने एका परधानाच्या तोंडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. परधान हे गोंडांचे भाट. किंगरी वाजवून देवांच्या आणि कुळांच्या कथा सांगण्याचा त्यांचा वारसा आहे. १८६३ साली हिस्लॉप एका ओढ्याच्या पुरात बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले.

त्या गीतातील कथा थोडक्यात अशी. महादेवाने रुष्ट होऊन गोंडांना एका गुहेत कोंडले आणि तोंडावर मोठी शिळा लावली. लिंगो त्यांच्या सुटकेची याचना करू लागला, तेव्हा महादेवाने बिंदो नावाच्या काळ्या पक्ष्याची पिले आणावयास सांगितले. ती पिले एक महासर्प खात असे. लिंगोने सर्प मारला, कृतज्ञ बिंदोने त्याला पिलांसह महादेवाकडे नेले आणि गोंड मोकळे झाले. पुढे लिंगोने त्यांची कुळे लावून दिली व देवपूजा शिकविली. कचारगडास ही कथा किंचित वेगळी सांगतात. तेथे गुहेतील मुले काली कंकालीची आहेत, आणि शिळा हलविणाऱ्यांना आपल्या वाद्याने बळ देणारा हिरासुका त्याच शिळेखाली प्राण देतो.

आता पूजा पाहा. गोंडांचा थोर देव बडा देव, त्यांच्या भाषेत फडापेन. त्याला देऊळ नाही. त्याचे ठाणे बहुधा ऐनाच्या झाडाखाली. ‘चार देवांचे’, ‘पाच देवांचे’, ‘सहा देवांचे’, ‘सात देवांचे’ असे कुळांचे गट असतात आणि समान संख्येच्या गटांत सोयरीक होत नाही. म्हणजे देव केवळ पुजण्यापुरते नाहीत. लग्न कोणाशी करावयाचे, हेही तेच ठरवितात. नवे धान्य, नवे फळ देवाला दाखविल्यावाचून तोंडात घालावयाचे नाही.

गावाच्या वतीने ही पूजा करणारा तो भुमका. पुष्कळ लेखक त्यालाच ‘शामान’ म्हणून मोकळे होतात, ही चूक आहे. शामान हा शब्द सैबेरियातील तुंगूस लोकांचा, रशियन भाषेतून युरोपात गेला. तेथील शामान डफ वाजवीत देहभान हरपतो आणि त्याचा आत्मा वरच्या वा खालच्या लोकी जाऊन येतो, अशी समजूत. आमच्याकडे प्रवास उलट आहे. माणूस देवाकडे जात नाही, देव माणसाकडे येतो. यालाच आपण अंगात येणे म्हणतो. मेळघाटातील कोरकूंमध्ये हा भेद स्पष्ट आहे: वंशपरंपरेने पूजा करणारा भुमका निराळा, आणि ज्याच्या अंगी देव बोलतो तो पडिहार निराळा. बस्तरात अशा माणसास सिरहा म्हणतात. तिकडचा आंगा देव तर लाकडी दांड्यांचा असतो. खांदेकरी त्याला वाहतात, पण वाट देव दाखवितो, असे ते मानतात.

येथे माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. नागझिऱ्याच्या अलीकडे एका खेड्यात मी शिक्षक होतो. शाळेचे पटांगण वाढविण्यासाठी कडेचे ऐनाचे झाड तोडावयाचे ठरविले. वृद्ध भुमका आला. तोडू नका, असे तो म्हणाला नाही. तो म्हणाला, “गुरुजी, दोन दिवस द्या. सांगून पाहतो. बसलेल्याला उठाले सांगा लागते.” मी हसलो आणि त्याच सायंकाळी कुऱ्हाड चालविली. आठ दिवस शाळेत एकही गोंड मूल आले नाही. झाड म्हणजे देव, असे त्याचे म्हणणेच नव्हते. झाडावर कोणी बसलेले आहे आणि त्याच्याशी रीतीने वागावे, एवढाच त्याचा आग्रह होता. टायलरसाहेबांच्या सिद्धांतात ही रीत कोठे बसते, ते मला अद्यापि उमगलेले नाही.

परंतु दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच गावात लागोपाठ दोन गुरे मेली. बाहेरून बोलाविलेल्या एका जाणत्याने सुपात तांदळाचे दाणे टाकून, जोड की एकटा असे मोजून, एका विधवेवर बोट ठेवले. तिला गाव सोडावे लागले. मी शाळेचे दार लोटून आत बसून होतो. झाडापुढे मला विज्ञान आठवले. जमावापुढे आठवले नाही. अशा आरोपांना आता कायद्याची आडकाठी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षअखेर जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला. तो कायदा देवाला नवे धान्य दाखविणाऱ्याच्या आड येत नाही, बाईला चेटकीण ठरविणाऱ्याच्या येतो. भुमक्याचे उठविणे आणि त्या जाणत्याचे बोट, दोन्हींना ‘अंधश्रद्धा’ हा एकच शब्द लावून मी कित्येक वर्षे वर्गात शिकविले.

सेवानिवृत्तीनंतर एका माघात मी कचारगडास गेलो. भंडारा रोडलाच गाडीत बसलो. डब्यात पिवळे फेटे बांधलेली मंडळी होती. त्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्याचीच मुले शाळेत जातात. डोंगर चढताना त्याने माझी पिशवी घेतली. गुहेच्या तोंडाशी पोहोचल्यावर आत जाण्यापूर्वी त्याने मला थांबविले, पायांतील वहाणा काढावयास सांगितल्या, आणि कोणाशी तरी गोंडीत हलक्या आवाजात दोन शब्द बोलून मग म्हणाला, “चला गुरुजी, सांगितलं.”