‘परत मिळणे’, ‘भरपाई’ आणि ‘पुनर्वसन’: फरक काय?

हरवलेली किल्ली ‘सापडते’, उधारी ‘वसूल’ होते, चोरीचा ऐवज ‘हस्तगत’ होतो (हा पोलिसांचा लाडका शब्द). धरणात बुडालेलं शेत मात्र असं परत येत नाही. राधानगरी तालुक्यात भोगावतीवर शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण आहे, दूधगंगेवर काळम्मावाडीचं. अशा प्रकल्पात गेलेल्या जमिनीचे पैसे मिळाले की ती ‘भरपाई’. घर, शेत, रस्ता, पाणी यांसह माणसं दुसरीकडे पुन्हा वसली तरच ‘पुनर्वसन’. त्यासाठी महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कायदा केला. म्हणून ‘धरणग्रस्तांना जमीन परत मिळाली’ अशी पोस्ट टाकण्याआधी बघा, बहुतेकदा मिळालेली असते ‘पर्यायी जमीन’. आणि नुसता चेक मिळाला असेल, तर पुनर्वसन अजून बाकीच आहे.