'बरोबर' : एक शब्द, तीन अर्थ

"पत्ता बरोबर आहे ना? आणि तुझ्याबरोबर कोण येतंय?" फोनवर असं कोणी विचारलं तर तुम्ही अडखळत नाही. पण नीट ऐका. पहिला 'बरोबर' म्हणजे अचूक, दुसरा म्हणजे सोबत. शाळेतल्या गणितात तिसरा आहेच: दोन अधिक दोन बरोबर चार. म्हणजे समान.

एकाच शब्दात हे तिन्ही अर्थ आले कुठून?

शब्द फारसी आहे. फारसीत 'बर' म्हणजे छाती. 'बर-आ-बर' म्हणजे छातीला छाती. मधला 'आ' दोन सारखे शब्द जोडतो. आपल्या 'सरासरी'तही हीच घडण आहे. तिथला 'सर' म्हणजे डोकं, 'सरदार'मधला.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. दोन माणसं एका रेषेत उभी आहेत. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. म्हणून ती समान. शेजारी उभी, म्हणून सोबत. आणि जे मापाशी असं तंतोतंत जुळतं, ते अचूक. 1557 मध्ये रॉबर्ट रेकॉर्डने बरोबरीचं चिन्ह म्हणून दोन समांतर रेघा काढल्या, त्याही अशाच शेजारी शेजारी!

तुमचा एखादा तुर्की मित्र असेल तर त्याला 'बेराबेर' म्हणजे काय ते विचारा. तो 'एकत्र' म्हणेल. इराणी मैत्रीण 'दो बराबर' म्हणाली, तर तिला 'दुप्पट' म्हणायचं असतं.

दख्खनमध्ये 1347 मध्ये बहमनी राज्य आलं आणि पुढची काही शतकं दरबार-दफ्तरात फारसीचा वावर राहिला. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. तरी असे कितीतरी शब्द बोलण्यात टिकले. आज 'बरोबर'ला परका म्हणायचं तर साधं "हो, बरोबर" म्हणायचीही चोरी!

पण खरी गंमत 'बरोबरी'त आहे. "मोठ्यांची बरोबरी करू नकोस" हे तुम्हीही ऐकलं असेल. माणसांना एका रेषेत उभं करणारा शब्द इथे दटावणी होतो. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये सुरू केलेल्या पत्राचं नाव होतं 'समता'. त्या शब्दाला आपण भाषणात टाळ्या देतो. आणि घरात, ऑफिसात कोणी खरंच शेजारी येऊन उभं राहिलं, की "बरोबरी करतोस?" असं विचारतो.

पुढच्या वेळी हे वाक्य कानावर आलं, तर रेषेत कोण उभं आहे आणि मागे कोणाला ढकललं जातंय, एवढं बघा.