रसेल ल्युपिन : निवडीचा इतिहास
ल्युपिन ही उत्तर अमेरिकेतील बहुवर्षायू, म्हणजे एकदा लावल्यावर अनेक वर्षे फुलणारी, शेंगवर्गीय वनस्पती डेव्हिड डग्लस यांनी १८२६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोहोचवली. तिचे तुरे बहुधा निळेच असत. यॉर्क येथील माळी जॉर्ज रसेल यांनी १९११ च्या सुमारास निरनिराळ्या जातींचे बी मिळवून ते एकत्र वाढवले, परागीभवन भुंग्यांवर सोपवले आणि विरळ वा फिक्या तुऱ्यांची झाडे उपटून, उरलेल्यांचेच बी पुन्हा पेरण्याचा क्रम दोन दशकांहून अधिक काळ चालवला. त्यातून निपजलेले दाट, दुरंगी तुरे १९३७ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात गाजले. मात्र संकरित बियांतून मूळ झाडाचे गुण हुबेहूब उतरत नसल्यामुळे, नाव दिलेल्या वाणांची अभिवृद्धी वसंतात बुडाशी फुटणाऱ्या कोवळ्या धुमाऱ्यांच्या छाटकलमांनीच करावी लागे.