भिंतीवरील जगाचा नकाशा

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा ज्याने बालपणी पाहिला नाही, असा ज्ञातिबांधव विरळाच. त्यातील बहुतेक जुन्या नकाशांत ग्रीनलंड हे बेट आफ्रिका खंडाएवढे थोरले दिसे आणि आपला भारत त्यापुढे अगदीच लहान. वस्तुस्थिती निराळी आहे. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लक्ष चौरस किलोमीटर, तर ग्रीनलंडचे सुमारे २२ लक्ष. म्हणजे आपला देशच त्याच्या दीडपट! आफ्रिका तर त्याच्या सुमारे चौदापट आहे.

या विपर्यासाचे मूळ इतिहासात सापडते. फ्लँडर्स प्रांतात १५१२ साली जन्मलेल्या मर्केटरने १५६९ साली हा नकाशा प्रथम प्रसिद्ध केला. तो दर्यावर्दी लोकांसाठी होता, विद्यार्थ्यांसाठी नव्हे. होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या गलबताचा मार्ग कागदावर सरळ रेषेत यावा, हा त्याचा हेतू. त्यासाठी ध्रुवांपाशी एकत्र मिळणारी रेखावृत्ते त्याने समांतर काढली. परिणामी ६० अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणले गेले. दिशा चुकू नये म्हणून दक्षिणोत्तर अंतरही तितकेच ताणावे लागले, आणि क्षेत्रफळ चौपट दिसू लागले. विषुववृत्तानजीकचे देश मात्र होते तेवढेच राहिले.

मर्केटरचा यात दोष नाही. खलाशाचे साधन आपण शाळेत आणले आणि ते कशासाठी निर्मिले होते, हे सांगावयाचे विसरलो. त्यामुळे उत्तरेकडील देश थोर आणि आपण लहान, असा समज पिढ्यान्‌पिढ्या नकळत मनात रुजला.

या दोषाचा वाटेकरी मीही आहे. एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, ‘गुरुजी, ग्रीनलंड एवढे मोठे, तर ते खंड का नव्हे?’ मी त्याला ‘पुस्तकात आहे तसे पाठ कर’ म्हणून खाली बसविले. त्याची शंका रास्त होती. अज्ञान माझे होते. ती गोष्ट आजही मनास बोचते.

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या सार्वजनिक शाळांनी २०१७ साली क्षेत्रफळे यथाप्रमाण दाखविणारा नकाशा वर्गांत आणला. त्यातही देशांचे आकार काहीसे ओढल्यासारखे दिसतात. कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर दोषरहित उतरतच नाही. म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस एवढीच विनंती की, घरात एक लहानसा पृथ्वीगोल अवश्य ठेवावा आणि मुलाने शंका विचारली, तर त्यास खाली बसवू नये.